तिसऱ्या पक्षाला मत देण्याआधी मतपत्रिका वाच

प्रिय मित्रा,

अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावू म्हणून रिपब्लिकन निवडून येतात आणि देशाचं कर्ज वाढतच राहतं, हे तुझं दुखणं खरं आहे. म्हणून आता तिसऱ्या पक्षाला मत द्यावं का, असं तू विचारतोस. पक्ष कोणता हे मागाहून बघू. आधी तुझ्या राज्यात मतं मोजतात कशी ते बघ. तू जॉर्जियात अटलांटाजवळ राहतोस, बहीण न्यूयॉर्कला. दोघांचे विचार एकच, पण तिसऱ्या पक्षाला दिलेल्या तिच्या मताला जे वजन आहे ते तुझ्या मताला नाही.

जॉर्जियाचं 2020 साल घे. एकाच मतपत्रिकेवर मोजणीचे दोन वेगळे नियम होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला राज्याची सगळी 16 इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं. तिथे बायडन 11,779 मतांनी पुढे राहिले आणि लिबर्टेरियन, म्हणजे सरकार लहान हवं म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या, जॉर्गेन्सन यांना 62 हजारांवर मतं पडली. सिनेटसाठी मात्र निम्म्याहून अधिक मतं लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान. रिपब्लिकन पर्ड्यू 49.7 टक्क्यांवर अडले, साडेतेरा हजारांच्या आसपास मतं कमी पडली. लिबर्टेरियन हेझल यांना 1 लाख 15 हजार मतं होती. हिशेब करून बघ: हेझल यांचे सगळे मतदार त्या दिवशी घरी बसले असते, तरी पर्ड्यू पहिल्याच फेरीत निम्म्याच्या पुढे गेले असते. 5 जानेवारी 2021 ला रनऑफ झाला, पर्ड्यूंविरुद्ध डेमोक्रॅट ऑसॉफ जिंकले, जॉर्जियाची दुसरी जागाही डेमोक्रॅट वॉर्नॉक यांना गेली आणि सिनेट 50-50 झालं. उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतामुळे ताबा डेमोक्रॅटांकडे गेला.

मुंबईत 2009 च्या लोकसभेनंतर ‘मनसेनं मतं खाल्ली’ हे वाक्य घरोघरी होतं, आई-बाबांना विचार. पण हेझल यांना मत देणारे सगळे पर्ड्यूंकडे गेले असते असं मी म्हणत नाही. ज्याला दोन्ही पक्ष सारखेच नकोसे आहेत, त्यानं खुशाल लिबर्टेरियन खूण करावी. तुझं तसं नाही. तुला एक पक्ष सुधारायचाय.

आता न्यूयॉर्क. तिथे एकाच उमेदवाराला दोन पक्ष उभं करू शकतात. नाव दोन ओळींत छापलं जातं, मतं ओळीप्रमाणे वेगळी मोजतात आणि शेवटी बेरीज करतात. तिथला कॉन्झर्वेटिव्ह पक्ष 1962 पासून याच जोरावर टिकून आहे. 1990 मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकनांचा उमेदवार पसंत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा दिला. रिपब्लिकनला 21 टक्के, यांना 20 टक्के. दुसरं स्थान थोडक्यात हुकलं, पण रिपब्लिकनांना धडकी भरली. चार वर्षांनी रिपब्लिकन पटाकींना दोन्ही पक्षांनी मिळून उभं केलं. ते पावणेदोन लाखांच्या आतल्या फरकानं जिंकले आणि कॉन्झर्वेटिव्ह ओळीवर सव्वातीन लाखांहून अधिक मतं होती. नाराजी मोजून दाखवता आली आणि मतही फुकट गेलं नाही. तिसऱ्या पक्षाची ताकद म्हणतात ती ही.

बहिणीला दोन गोष्टी आवर्जून सांग. एकाच उमेदवाराच्या दोन्ही ओळींतले गोल काळे करू नये. मत एकच धरतात आणि ते वरच्या ओळीच्या, म्हणजे मोठ्या पक्षाच्या खात्यात जातं. दुसरं, मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष कॉन्झर्वेटिव्ह लिहिला तर रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देता येत नाही. नोंदणी बदलायची तर 14 फेब्रुवारीच्या आत अर्ज द्यावा लागतो, त्यानंतरचा बदल जूनच्या प्रायमरीला लागू होत नाही. कॅलिफोर्नियातल्या मित्रांनाही सावध कर. तिथल्या नोंदणी फॉर्मवर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असं दिसतं, लोक ‘अपक्ष’ समजून खूण करतात. तो 1960 च्या दशकात वर्णभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांच्यासाठी निघालेला पक्ष आहे. कुठलाच पक्ष नको असेल तर ‘नो पार्टी प्रेफरन्स’.

तुझ्या राज्यात दोन ओळींची सोय नाही. तुझं हत्यार प्रायमरी. जॉर्जियात पक्षनोंदणीच नसते. मे महिन्यात मतदान केंद्रावर रिपब्लिकन मतपत्रिका मागायची, बस्स. तिथे मतदार थोडे, म्हणून एकेका मताचं वजन जास्त. व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात 2014 साली रिपब्लिकन प्रायमरीत प्रतिनिधी सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना डेव्ह ब्रॅट या नवख्या प्राध्यापकानं हरवलं. 36 हजार विरुद्ध 29 हजार मतं, एवढ्यावर देशभरातले रिपब्लिकन खासदार हादरले. त्याउलट 1992 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार पेरो यांना देशभरात जवळपास 19 टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत एकही नाही.

मतपत्रिकेवर नसलेलं नाव लिहायचा विचार असेल तर आधी तपास: जॉर्जियात त्या उमेदवारानं रीतसर सूचना दिलेली नसेल तर तुझं ते मत मोजलंच जात नाही.

जॉर्जियाच्या ‘माय व्होटर पेज’ या सरकारी संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घे आणि प्रत्येक पदापुढे पेन्सिलीनं लिही: ‘सर्वाधिक मतं’ की ‘निम्म्याहून अधिक’. मग ती मला पाठव, आपण एकेक पद घेऊन बोलू.

तुझा,
काका