टीबी बरा होऊन दहा वर्षं झाली. आता खोकल्यातून रक्त येतंय आणि डॉक्टर म्हणतात फुफ्फुसात बुरशीचा गोळा आहे. हे नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील साठीच्या पुढचे, शेतकरी. २०१४ मध्ये टीबी झाला, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, बरे झाले. गेलं वर्षभर खोकला, वजन उतरलंय, आणि दोनदा बेडक्यातून रक्त पडलं. थुंकीत टीबी निघाला नाही, तरी एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या परत सुरू केल्या. दुसऱ्यांनी सीटी स्कॅन पाहून ‘अ‍ॅस्परजिलोमा’ लिहून दिलं, म्हणजे हाच बुरशीचा गोळा. आता तुम्हाला विचारायचंय की हा कॅन्सर तर नाही, घरातल्या पोरांना लागेल का, ऑपरेशन करावंच लागेल का, ही ‘काळी बुरशी’ तर नाही ना, आणि शेतावर जाऊ द्यायचं का.

मी छातीचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. असे पेशंट माझ्याकडे कायम येतात, आणि येताना बहुतेकांच्या पिशवीत टीबीच्या दुसऱ्या-तिसऱ्या कोर्सची फाइल असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांची काळजी मिटवू. ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. वडिलांचं ताट-तांब्या वेगळं करू नका, नातवंडांना त्यांच्यापासून लांब ठेवू नका. फक्त एक आहे: टीबी पुन्हा झालेला नाही याची एकदा पक्की खात्री होऊ द्या, कारण तो मात्र लागतो.

टीबी बरा होतो तेव्हा जंतू मरतात, पण त्यांनी पोखरलेली जागा भरून येतेच असं नाही. फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी राहून जाते, तिला आम्ही कॅव्हिटी म्हणतो. धान्य काढून घेतलेलं जुनं पेव असतं ना, तशी ती जागा: आत ओल, वारा खेळत नाही, साफसफाई करणारं कुणी नाही. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. शेणखतात, कडब्यात, भुशात, पडक्या भिंतीच्या धुळीत. दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे. तुम्ही-मी रोज शेकड्यांनी आत घेतो आणि निरोगी फुफ्फुस ते निपटून टाकतं. त्या पोकळीत मात्र ते रुजतात. वर्षं-दोन वर्षं हळूहळू वाढून त्यांच्या तंतूंचा, चिकट कफाचा आणि मेलेल्या पेशींचा गुंता तयार होतो. तोच तुमच्या रिपोर्टमधला गोळा. सीटी काढताना पेशंटला उताणं झोपवलं की तो पोकळीच्या मागच्या भिंतीशी दिसतो, पालथं झोपवलं की बहुतेक वेळा घरंगळून पुढे येतो. कॅन्सरची गाठ अशी जागा बदलत नाही. तरीही वडील वर्षानुवर्षं विडी ओढत असतील, किंवा पोकळीची भिंत एका बाजूला जाड दिसत असेल, तर दुर्बीण घालून एकदा तपासून घ्यायला सांगेन. दोन्ही गोष्टी एकाच फुफ्फुसात असलेले पेशंट असतात.

हे काही नवीन नाही. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात टीबीनंतर अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी राहिलेले ५४४ जण तपासले होते. त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रक्तात या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. आपल्याकडे टीबीचे पेशंट किती आहेत ते वेगळं सांगायला नको. म्हणजे पोकळी घेऊन फिरणारेही तेवढ्याच प्रमाणात. पण टीबीची मोफत तपासणी, मोफत गोळ्या, नोंदणी हे सगळं गावोगाव पोचलंय, आणि बुरशीची रक्ततपासणी तालुक्याला आजही होत नाही. त्यामुळे जुना टीबीवाला खोकत आला, फोटोत डाग दिसला, की हात आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे जातो. यात त्या डॉक्टरांचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. लक्षणं खरंच सारखी असतात: खोकला, बारीक ताप, वजन घटणं, थकवा, रक्त. जुन्या डागावर नवा डाग ओळखायचा तर आधीचा फोटो हाताशी लागतो, आणि तो बहुतेक घरांत गादीखाली नाहीतर माळ्यावर पडलेला असतो. २०१४ चा फोटो सापडला तर जरूर घेऊन जा. दोन्ही शेजारी लावले की पुष्कळ उलगडा होतो: पोकळी तेव्हा रिकामी होती का, भिंत आता जाड झाली का, आजूबाजूला नव्या पोकळ्या आल्यात का.

सीबीनॅट, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी, तिच्याबद्दलही एक लक्षात ठेवा. ज्यांचा टीबी मागच्या काही वर्षांत बरा झालाय त्यांच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचा अंश राहिलेला असतो, आणि मशीन कधी कधी तोही पकडतं. म्हणून जुन्या पेशंटमध्ये नुसत्या एका सीबीनॅटवर न जाता थुंकीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढतात का ते बघणं, लावलेलं बरं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तर सगळं निगेटिव्हच आहे.

बुरशीसाठी मागायची तपासणी म्हणजे अ‍ॅस्परजिलस आयजीजी. या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडी त्यात मोजतात. साधं रक्त घेतात, नमुना मोठ्या शहरात पाठवतात, काही दिवसांत रिपोर्ट येतो. बेडक्याचं फंगल कल्चरही करतात, पण ते निगेटिव्ह आलं म्हणून बुरशी नाही असं होत नाही. तीन महिन्यांच्या वर लक्षणं, सीटीवर पोकळी किंवा गोळा, आयजीजी वाढलेलं, आणि टीबी वगैरे दुसरं कारण वगळलेलं, एवढं जुळलं की निदान पक्कं. साखर तपासली नसेल तर तीही तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी सांगत नाही. टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन असतं, तेच ज्याने लघवी केशरी होते. ते लिव्हरला असं कामाला लावतं की बुरशीचं औषध शरीरात टिकतच नाही. म्हणजे ‘दोन्ही चालू ठेवू, काही का असेना लागू पडेल’ हा हिशेब इथे साफ चुकतो: टीबी नसताना टीबीचं औषध जातं, आणि बुरशी असताना बुरशीचं औषध पोचत नाही. वडिलांना आत्ता दोन्ही चालू असतील तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. स्वतःच्या मनाने मात्र टीबीच्या गोळ्या बंद करू नका. कल्चर आणि आयजीजी समोर ठेवून तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

औषध बहुधा इट्राकोनॅझोल देतील, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. किती दिवस? इथे आपल्याच देशातलं चांगलं काम आहे. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सहा महिने विरुद्ध बारा महिने अशी तुलना केली, २०२२ मध्ये ती छापून आली. सहा महिने घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला, वर्षभर घेतलेल्यांत तेच प्रमाण १० टक्के. तेव्हा ‘चार महिन्यांत बरं वाटलं, मग बंद केलं’ हे चालणार नाही. मनाची तयारी वर्षाची ठेवा.

या कॅप्सूल कशा घ्यायच्या यावर अर्धी लढाई आहे. उघडून पाहिली तर आत बारीक गोल दाणे असतात. औषध त्या दाण्यांवर चढवलेलं असतं, आणि ते विरघळायला पोटात आम्ल लागतं. आता आपल्याकडची रीत बघा: सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी पित्ताची गोळी, आणि तिच्यासोबतच उरलेल्या सगळ्या गोळ्या एका घोटात. पित्ताच्या गोळीने आम्ल मारलं, पोटात अन्न नाही, कॅप्सूल तशीच पुढे गेली. असे एक काका माझ्याकडे महागाचं औषध महिनोन् महिने घेऊन रडकुंडीला आले होते. खोकला तसाच, वजन तसंच. औषध बदललं नाही, पित्ताची गोळी बंद केली आणि कॅप्सूल भाकरी-भाजी खाऊन लगेच घ्यायला लावली. पुढच्या खेपेला काकूच म्हणाल्या, आता रात्री झोपू देतात. पित्ताची गोळी बंद करता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. ‘एसबी’ लिहिलेलं एक नवं इट्राकोनॅझोल मिळतं, त्याला अन्नाची आणि आम्लाची एवढी गरज लागत नाही. पण त्याचा डोस वेगळा असतो, केमिस्टने परस्पर बदलून दिलेलं घेऊ नका. जिथे सोय असेल तिथे रक्तातली औषधाची पातळी मोजून घ्यावी.

सुरू करण्याआधी आणि मग अधूनमधून लिव्हरची तपासणी होईल. पायावर सूज आली, धाप वाढली तर लगेच सांगा, अशक्त हृदयाला हे औषध मानवत नाही. कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या, झोपेच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची चिठ्ठी दाखवा, कारण पुष्कळ औषधांशी याचं जमत नाही. कधी इट्राकोनॅझोलऐवजी व्होरिकोनॅझोल देतात. त्याचं सगळं उलटं: ते जेवणाआधी किंवा नंतर तासाभराचं अंतर ठेवून घ्यायचं, आणि ते चालू असताना उन्हाने कातडी भाजल्यासारखी लाल होते. शेतात राबणाऱ्याला हे आधीच सांगायला हवं.

रक्ताबद्दल. बेडक्यात रेघ दिसली तर घाबरून जाऊ नका, पण कळवा. एका वेळी अर्धा कप किंवा त्याहून जास्त पडलं, किंवा थोडं थोडं करत थांबेचना, तर वाट बघू नका, रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. नेताना ज्या बाजूच्या फुफ्फुसात गोळा आहे ती बाजू खाली करून कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या बाजूला उतरत नाही. आत्ताच सीटीचा रिपोर्ट काढून उजवी की डावी ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रक्त थांबवायला आधी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. तेवढ्याने भागलं नाही तर मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून रक्त येणारी धमनी आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. छाती उघडावी लागत नाही. पण गोळा तिथेच असल्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा रक्त पडू शकतं.

मग ऑपरेशन? गोळा एकच असेल, बाकीचं फुफ्फुस ठणठणीत असेल आणि माणूस दोन जिने न थांबता चढत असेल तर तो भाग काढून टाकणं हा सगळ्यात चांगला उपाय, कारण बुरशीचं घरच जातं. पण टीबीनंतरच्या पेशंटमध्ये असं क्वचित जुळून येतं. फुफ्फुस बरगड्यांना चिकटलेलं असतं, दुसऱ्या बाजूलाही डाग असतात, दम कमी असतो. अशांना मी ऑपरेशनच्या वाटेला लावत नाही. निर्णयाआधी फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि अनुभवी छातीच्या सर्जनचं मत घ्या. आणि रक्त, ताप, वजन यांतलं काहीच नसताना गोळा नुसता फोटोत सापडला असेल तर काही पेशंटना आम्ही औषधही न देता दर काही महिन्यांनी फोटो काढून बघत राहतो. वडिलांचं तसं नाही, त्यांना उपचार लागणार.

तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी दम्याबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी. दमेकऱ्यांत हीच बुरशी वेगळा खेळ करते. तिथे गोळा नसतो, अ‍ॅलर्जी असते. नाव लांबलचक आहे, आम्ही एबीपीए म्हणतो. पंप नियमित घेऊनही दमा आटोक्यात येत नाही, तपकिरी, रबरासारखे कफाचे तुकडे पडतात, फोटोतला डाग आज इथे तर दोन महिन्यांनी तिथे. यांनाही सर्रास टीबीच्या गोळ्या चालू होतात. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी) आणि अ‍ॅस्परजिलसचं आयजीई करून घ्या. एकूण आकडा आधी १००० च्या वर गेला तरच धरायचे, २०२४ पासून ती हद्द ५०० वर आणली आहे. उपचार स्टिरॉईड किंवा इट्राकोनॅझोल. मात्र ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप घेणाऱ्याला इट्राकोनॅझोल लागलं तर पंपातलं थोडंसं स्टिरॉईडही शरीरात साठत जातं. चेहरा सुजतो, साखर चढते. पंप बदलायचा का, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा.

आणि नाही, ही २०२१ ची ‘काळी बुरशी’ नव्हे. तो म्युकर, त्याची जात वेगळी, औषध वेगळं, आणि तो दिवसांत माणूस संपवायचा. वडिलांचा आजार वर्षानुवर्षं रेंगाळणारा आहे, तेव्हा वर सांगितलं तसं जास्त रक्त पडत नसेल तर आज रात्रीच धावपळ करायला नको. फक्त हॉस्पिटलमध्ये भरती असलेला सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार) पेशंट भरपूर स्टिरॉईडवर असेल तर त्याच्यात हीच अ‍ॅस्परजिलस झपाट्याने पसरू शकते, ती गोष्ट वेगळी.

शेवटी तुम्ही विचारलंय, शेतावर जाऊ द्यायचं का. जाऊ द्या. पाणी देणं, राखण, बाजार काहीही. सोयाबीनची मळणी, कडब्याची कुट्टी, उकिरडा उपसणं, भुशाची खोली झाडणं आणि जुनं घर पाडताना तिथे उभं राहणं एवढं मात्र दुसऱ्या कुणाकडे द्या. ऐकत नसतील तर एन-९५ मास्क द्या, उपरण्याने हे बीजाणू अडत नाहीत. आयजीजीचा रिपोर्ट आला की आकडा आणि त्याच्या शेजारी लिहिलेली लॅबची मर्यादा दोन्ही खाली लिहा, बघून सांगतो.