गावाची ‘सनद’ आणि ‘अद्ययावत’ निवडणूक

प्रश्न असा आहे : अमेरिकेत मेरीलँडमधल्या टकोमा पार्क या गावी राहणाऱ्या एका ताईंना तिथल्या पालिकेच्या निवडणुका कशा बदलत गेल्या, हे आईला पत्रातून कळवायचे आहे. त्यांनी वाक्य केले, ‘गावाच्या घटनेत सुधारणा करून निवडणुका अद्ययावत केल्या.’ यात ‘चार्टर’ला ‘घटना’ म्हणणे बरोबर आहे का?

माझे मत : घटना नको, सनद म्हणा. घटना म्हटले की आपल्यासमोर देश उभा राहतो. टकोमा पार्क जेमतेम सतरा-अठरा हजार वस्तीचे, आणि त्याचे अधिकार राज्याने दिलेल्या चौकटीतले. ‘नियमावली’ही चालणार नाही. नियमावली पालिका करते. पालिका कशी असावी, तिला कोणी निवडावे, हे ज्यात लिहिलेले असते ती सनद.

सनद म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला कागद, मग लोकांनी बदलायच्या दस्तऐवजाला हा शब्द कसा शोभेल, असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्या बादशाहीच होत्या. पण इंग्रजांचे चार्टरही मुळात राजानेच दिलेले. त्याचे जवळचे उदाहरण आपली मुंबई. 1726 च्या राजसनदेने मुंबईला मेयर आणि नऊ आल्डरमन (म्हणजे नगरसभेचे सभासद) मिळाले, आणि मेयर दरवर्षी त्यांनीच आपल्यातून निवडायचा असे ठरले. 1753 च्या नव्या सनदेने ती मोकळीक काढून घेतली : त्यांनी दोन नावे सुचवायची, त्यांतले एक गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल पक्के करणार. सनद बदलली आणि निवडणूक बदलली, हे आपल्याच शहरात पावणेतीनशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. शब्दही पुढे रुंदावत गेला. वकिलाची सनद, सनदी लेखापाल, सनदशीर मार्ग, आणि सरकारी कचेरीच्या भिंतीवर लावलेली ‘नागरिकांची सनद’. या शेवटच्या सनदेत तर कचेरीने लोकांना काय द्यायचे ते लिहिलेले असते.

आता ‘सुधारणा’. आपल्या कायद्यांच्या नावांत हा शब्द रूढ आहे, म्हणून चूक म्हणता येणार नाही. तरी पत्रात मी ‘दुरुस्ती’ किंवा सरळ ‘बदल’ लिहीन. ज्याला तो बदल पसंत नाही, त्याच्या तोंडी ‘सुधारणा’ कशी घालायची? ‘सनददुरुस्ती’ असा समास मात्र करू नका, जीभ अडखळते. ‘सनदेत दुरुस्ती’ सोपे.

खरी अडचण ‘अद्ययावत’ची आहे. मतदारयादी अद्ययावत करतात, सातबारा अद्ययावत करतात, कारण तिथे नोंदी आजपर्यंत आणायच्या असतात. निवडणूक ही नोंद नाही. म्हणून काय बदलले तेच सांगा. टकोमा पार्कला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. 1992 मध्ये तिथे नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही पालिकेपुरते मत मिळाले. म्हणजे व्हिसावर गेलेला आपला मराठी माणूसही तिथे राहत असेल तर मत देऊ शकतो. 2013 मध्ये सनद बदलून मतदानाचे वय 18 वरून 16 वर आणले, अमेरिकेत पहिल्यांदाच. पुढे पालिकेची निवडणूक विषम वर्षांतून सम वर्षांत, देशाच्या मोठ्या निवडणुकीच्या जोडीला नेली. 2020 ची तशी पहिली. ‘सोळा वर्षांच्या मुलांना मत दिले’ हे आईला लगेच कळेल. ‘अद्ययावत केल्या’ म्हटले तर ती विचारील, म्हणजे मशीन नवी आणली का?

तेव्हा वाक्य असे होईल : ‘आमच्या गावाने सनदेत दुरुस्ती करून सोळा वर्षांच्या मुलांना पालिकेसाठी मत दिले.’ दुसऱ्या बदलासाठी : ‘सनद बदलली आणि पालिकेची निवडणूक सम वर्षी होऊ लागली.’

पत्रात पुढे ‘मेयर’ येईलच. तिथे ‘महापौर’ लिहू नका. सावरकरांनी दिलेला तो शब्द सुंदर आहे, पण आपल्याकडे महापौर महानगरपालिकेचा. एवढ्या गावाला नगराध्यक्षच म्हणावे.