पहिली ते चौथीच्या वाचनालयासाठी नवी मराठी पुस्तके कोणती घ्यावीत?

पहिली ते चौथीच्या वाचनालयासाठी आधी ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तके घ्यावीत, त्यातही माधुरी पुरंदरे यांची, आणि नव्या पुस्तकांची भर ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी वाचून मगच घालावी. पुरंदरे गोष्ट लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. त्यामुळे शब्दांनी न सांगितलेला भाग चित्रात सापडतो आणि अक्षरे जुळवत वाचणारे मूलही पानावर रमते. ‘स्टोरीवीव्हर’वर गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या असून त्या विनामूल्य वाचता व उतरवून घेता येतात, ही तुटपुंज्या निधीच्या शाळांसाठी फार मोठी सोय आहे. मात्र तेथील अनेक गोष्टी अनुवादित असल्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी मोठ्याने वाचावी. वाक्य जिभेवर अडखळले, तर ती बाजूला ठेवावी. शाळेच्या वाचनालयाचे काम पाहताना मला हीच कसोटी सर्वांत उपयोगी पडली. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो. ती यादी अवश्य पाहावी, पण तो साधारणतः 9 ते 16 वयोगटासाठीच्या लेखनाला मिळत असल्याने पहिली-दुसरीसाठी केवळ तिच्यावर विसंबू नये. खरेदी करताना बांधणीही तपासावी: पिन मारलेली पातळ पुस्तके कपाटात उभी न ठेवता दोरीवर किंवा मुलांच्या हाताला येतील अशा खणांत, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत.