वाचकांचे प्रश्न : सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, पुढे काय?

या वेळच्या टपालात रक्ताचे प्रश्न जास्त आहेत आणि त्यातले बरेचसे सातपुड्याच्या पायथ्याचे. गोठ्यातले दोन प्रश्नही याच सदरात घेतले आहेत, कारण आनुवंशिकतेचे नियम तेच लागतात.

प्रश्न : आमच्या पाड्यांवर सिकलसेलचे शिबिर झाले. एका मुलीची चाचणी आश्रमशाळेत निगेटिव्ह होती, इथे पॉझिटिव्ह आली. दुसऱ्या एकीचा साखरपुडा पॉझिटिव्ह म्हटल्यावर मोडला. लोकांना नेमके काय सांगू? (आशा कार्यकर्ती, धडगाव तालुका)

उत्तर : आशाताई, शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती एवढेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एस’, आहे. आईवडिलांकडून जनुकाची एकेक प्रत येते; त्यातली एक प्रत एसची आहे की दोन्ही, हे ती सांगू शकत नाही. एक प्रत म्हणजे वाहक, त्याला एएस म्हणतात. दोन म्हणजे आजार, एसएस. त्यामुळे नुसत्या पॉझिटिव्हवर साखरपुडा मोडणे म्हणजे अर्धा रिपोर्ट वाचून निकाल लावणे.

आता निकाल का बदलला ते पाहू. परीक्षानळीत साधारण २ मिली द्रावण आणि २० मायक्रोलिटर रक्त घालतात, हलवतात, ५ मिनिटे थांबतात आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे झाकल्या तर पॉझिटिव्ह. द्रावणातले सोडियम डायथायोनाइट हवेने आणि दमटपणाने खराब होते. बाटली दिवसभर उघडी राहिली किंवा पाड्यापर्यंतच्या प्रवासात तापली, की खरे पॉझिटिव्हही स्वच्छ दिसते. फ्रिजमधले द्रावण थंडगार असतानाच वापरले तरी निकाल बिघडतो, आधी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक खात्रीचा पॉझिटिव्ह आणि एक खात्रीचा निगेटिव्ह नमुना लावलाच पाहिजे. हे टाळले असेल तर त्या दिवसाच्या सगळ्या निगेटिव्हवर शंका घ्यावी, असे आमचे मत आहे.

मुलीचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्तात गढूळपणा आणण्याइतके एस नसते. अशा वेळी रक्त दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोलिटर घ्यायचे. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन, एफ, जास्त असते, त्यामुळे तिथे निगेटिव्हला अर्थ नाही. गेल्या ३ महिन्यांत रक्त चढवले असेल तर तेही नीट विचारा. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाला तिकडे रक्त चढवलेले असते आणि कागद मात्र जवळ नसतो. उलट बाजूने, रक्तात चरबी किंवा प्रथिने फार असतील, किंवा पिपेटने रक्तच जास्त पडले, तर खोटे पॉझिटिव्ह येते.

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, झाली पाहिजे. त्यासाठी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ मिली रक्त घ्या आणि नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. नमुना फ्रिजमध्ये ठेवा, बर्फात गोठवू नका. गोठले की पेशी फुटतात. रिपोर्टमध्ये नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिन, ए, सर्वांत जास्त आणि एस साधारण ३० ते ४० टक्के दिसले तर तो वाहक. ए जवळजवळ नाही, एस ७० च्या पुढे आणि बाकी बहुतेक एफ, तर आजार. ए थोडेसे आहे पण एस त्याहून जास्त, आणि रक्त चढवलेले नाही, तर एका पालकाकडून एस आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) आला असण्याची शक्यता असते. तेव्हा आईवडील दोघांचीही तपासणी करायची. एक बारीक गोष्ट : एचपीएलसीवर वाहकाचे ए-२ (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारे हिमोग्लोबिन) आलेखातल्या एसच्या शेपटामुळे किंचित वाढलेले दिसते, तेवढ्यावरून त्याला थॅलेसेमियाचा वाहक ठरवू नये.

वाहकाला औषध लागत नाही. वाहक बाईचे हिमोग्लोबिन ८ असेल तर दोष सिकलवर ढकलू नका. लोहाची कमतरता, जंत, पाळीतला रक्तस्राव तपासा. ‘तिला सिकल आहे, रक्त कमीच राहणार’ हे वाक्य आरोग्य केंद्रातही ऐकू येते आणि ते चुकीचे आहे.

लग्नाबद्दल सरळ सांगायचे. वाहक आणि वाहक नसलेला असे जोडपे असेल तर एसएस मूल होत नाही, समोरचा थॅलेसेमियाचा किंवा हिमोग्लोबिन डी या आणखी एका बदललेल्या हिमोग्लोबिनचा वाहक नाही एवढे पाहून घ्या. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, एएसची ५० आणि पूर्ण निरोगी एएची २५. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब होत नाही, दर वेळी सोडत नव्याने निघते. दोघे वाहक असलेले जोडपे गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच डॉक्टरांपुढे गेले पाहिजे. वारेच्या नमुन्याची तपासणी १० ते १२ आठवड्यांत होते, गर्भजलाची १६ आठवड्यांच्या आसपास. हे परवानाप्राप्त जनुकीय केंद्रात, लेखी संमतीने, कायद्याने चालते. गर्भाचे लिंग मात्र सांगत नाहीत. चौथ्या-पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आलेल्या बाईसमोर फार थोडा वेळ उरतो.

लोक विचारतात, आमच्यातच हे का? याला कोणाचा शाप नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो बदल. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले की एकच प्रत असलेल्यांना हिवतापापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्पिढ्या अशी मुले जास्त जगली आणि बदल टिकला. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीत नोंदला गेला. संरक्षण वाहकाला मिळते, एसएस रुग्णाला नाही. त्याला हिवताप झाला तर तातडीने दवाखाना गाठायचा.

राहिलेले नमुने होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत घ्या. होळीला कामावरची माणसे परत येतात आणि सोयरिकीही तेव्हाच ठरतात, म्हणून रिपोर्ट लगेच हातात पडतील असे पाहा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आहे, तिच्यातली तपासणी ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांसाठी आहे.

प्रश्न : थंडीतापाच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मुलाला दिल्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. बहिणीला त्याच गोळ्या सुरू होत्या, तिला काही झाले नाही. (अक्कलकुवा)

उत्तर : दादा, हे जी-६-पीडी एन्झाइमच्या कमतरतेचे चित्र आहे. व्हायवॅक्स हिवतापात १४ दिवस देतात ते प्रायमाक्विन. एन्झाइम कमी असलेल्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात आणि हिमोग्लोबिन लघवीतून जाते. लघवीचा रंग बदलला त्याच क्षणी गोळी बंद करून दवाखान्यात जायचे, ‘कोर्स पुरा करू’ म्हणायचे नाही. हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंड तपासावे लागते, कधी रक्त चढवावे लागते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स, तो आईकडून आलेला, म्हणून एकाच सदोष प्रतीवर त्रास होतो. मुलीला दोन एक्स असल्याने ती बहुधा सुटते, पण नेहमीच नाही. आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला ५० टक्के धोका आहे. मामांचीही चौकशी करा.

एन्झाइमची तपासणी लगेच करू नका. पेशी फुटल्यानंतर रक्तात नव्या, कोवळ्या पेशी भरतात. त्यांच्यात एन्झाइम पुरेसे असते, त्यामुळे रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. दोन-तीन महिन्यांनी करा. तोवर आणि त्यानंतरही डॅप्सोन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, मिथिलीन ब्ल्यू ही औषधे टाळायची. कपाटातल्या डांबरगोळ्यांपासून मूल लांब ठेवायचे, गोधडीत तर त्या घालूच नयेत. हिवताप पुन्हा उलटला तर उपाय आहे : प्रायमाक्विन रोज न देता आठवड्यातून एकदा, वजनाच्या किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, ८ आठवडे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

या जनुकाच्या एका भारतीय प्रकाराचे नाव ‘केरळ-कल्याण’ आहे, दुसऱ्याचे ‘ओरिसा’. आदिवासी समाजांत ओरिसा प्रकार जास्त सापडतो.

प्रश्न : मानवी जनुकसंच २००३ सालीच वाचून झाला ना? मग अजून भारतीयांचे नमुने कशाला हवेत? (बारावीचा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : तेव्हा मोजक्या माणसांच्या नमुन्यांवरून एक संदर्भप्रत तयार झाली. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या या प्रतीशी तुझी प्रत ताडली तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक दिसेल. त्यातला जवळजवळ सगळा निरुपद्रवी असतो. आजार घडवणारा फरक ओळखायचा तर आधी निरोगी माणसांत काय सर्रास सापडते ते माहीत हवे. समज, एका दुर्मिळ बालरोगाच्या रुग्णात एक फरक सापडला. तोच आपल्या भागातल्या शंभर निरोगी माणसांपैकी दोघांत असेल, तर तो त्या रोगाचे कारण असणे कठीण. युरोपीय यादीत तो नसेल, तर मात्र उगाच दोषी ठरेल.

उलटही होते. हृदयाच्या स्नायूंच्या एमवायबीपीसी-३ या जनुकात २५ अक्षरे गळालेला, हृदयविकाराचा धोका वाढवणारा प्रकार दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या पुढाकाराने २००९ साली तो समोर आला. युरोपीय नमुन्यांत तो शोधून सापडला नसता. २०२० साली सुरू झालेल्या जिनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली.

शिबिरात तपासणीसाठी दिलेले रक्त संशोधनासाठी वापरायचे तर वेगळी संमती लागते. कागद आपल्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे आणि नंतर माघार घेता येते.

प्रश्न : एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायींची दोन वासरे एकाच वळूची. दोन-तीन महिन्यांची होऊन तोंडात जखमा, खोकला, वाढ खुंटली आणि मेली. वळूचा दोष समजायचा का? (दूध उत्पादक, चोपडा)

उत्तर : भाऊ, आधी साधी कारणे. वासरे मरतात ती बहुधा चीक उशिरा मिळाल्याने, हगवणीने, फुप्फुसाच्या दाहाने आणि गोचीडतापाने. पहिल्या दोन तासांत दोन लिटर आणि चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला होता का, हे स्वतःलाच विचारा.

चीक मिळाला होता आणि तरीही हिरड्यांवर व्रण, दात सैल होणे, प्रतिजैविकाने तात्पुरता आराम पडून पुन्हा तेच, असे घडले असेल तर बीएलएडी या आजाराचा विचार करावा. यात पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू शकत नाहीत, त्यामुळे जखमेपर्यंत पोचत नाहीत. रक्तात त्यांची संख्या भरमसाट वाढलेली असते आणि जखमेत पू नसतो. हे कोडे दिसले की आजार ओळखावा. कारण आयटीजीबी-२ जनुकातले एक बदललेले अक्षर. होल्स्टीनमध्ये त्याचा माग १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो या अमेरिकी वळूपर्यंत लागतो. वळू नामांकित, त्यामुळे त्याचे वीर्य आणि वंश जगभर गेले.

याच जनुकातल्या दोषाने माणसाच्या बाळालाही असाच आजार होतो. सव्वा महिना झाला तरी नाळ पडत नाही, बेंबी लाल होते पण पू नाही, पांढऱ्या पेशी फार. अशा बाळासाठी मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था (आयसीएमआर) तपासणी करते.

आजार व्हायला दोन प्रती लागतात. निखळ गावठी गायीला एचएफ वळूपासून झालेल्या वासराला बीएलएडी होत नाही. धोका दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपासून, आणि सर्वांत जास्त धोका वळू त्याच्याच मुलीला लावला तर. वाहक वळूची मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या वासराला दोन्ही प्रती मिळण्याची एक चतुर्थांश, म्हणजे सगळी मिळून आठात एक. शिवाय बाप-लेकीच्या वासरात २५ टक्के अंतःप्रजनन होते, ते बाकीचे दोषही वर आणते. गावचा मोकळा वळू त्याच्या मुली माजावर यायच्या आत, म्हणजे दोन वर्षांत, बदललाच पाहिजे.

कृत्रिम रेतन केले असेल तर कांडीवरचा वळू क्रमांक गायीच्या नोंदवहीत लिहा. रिकामी कांडी वहीला चिकटवली तरी चालेल. मान्यताप्राप्त वीर्य केंद्रांत एचएफ वळूंची बीएलएडीसाठी तपासणी करून वाहक काढून टाकतात. त्यामुळे क्रमांक आहे की नाही, यावरच अर्धे उत्तर मिळते.

नमुन्यासाठी गायीच्या शेपटीचे ३०-४० केस मुळासकट उपटा. कापलेले केस कामाचे नाहीत, डीएनए मुळात असतो. कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. पाकिटावर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहा. पुढचे वासरू आजारी पडले तर ईडीटीए नळीत रक्त घ्या. हेपारिनची नळी नको, हेपारिनमुळे पीसीआर अडतो. वासरू मेले असेल तर कानाचा तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका.

प्रश्न : सानेन संकरित बिनशिंगी बोकड आणला. त्याच्या काही करडांना नर म्हणावे की मादी, कळत नाही. (शेळीपालक, पारोळा)

उत्तर : बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी अशी जोडी लावली असेल तर हे होणारच. शिंगे नसण्याचा गुण एका प्रतीवर दिसतो, पण त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या की जन्माने मादी असलेले करडू नराकडे झुकते आणि वांझ राहते. दोन्ही पालकांत एकेक प्रत असेल तर सरासरी आठात एक करडू असे निघते. दोन प्रतींच्या काही नरांतही वीर्यवाहिनी तुंबून वंध्यत्व येते.

उपाय फुकटचा आहे : जोडीतला एक तरी शिंगाचा ठेवा. बाजारातून बिनशिंगी पाट घेताना शेपटीखाली पाहा. योनीच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ किंवा कासेजवळ वृषणासारखे काही हाताला लागले तर घेऊ नका. अशी करडे पैदाशीला निरुपयोगी असली तरी मांसाला काहीच हरकत नाही, दाणा घालून वाढवा आणि विका. शिंगे कापलेली शेळी बिनशिंगी समजू नका. करडू जन्मले की डोक्यावरचे केस पाहा : शिंगांच्या दोन जागी दोन भोवरे असतील तर ते शिंगाचे, एकच भोवरा असेल तर बिनशिंगी.