बैलगाडा शर्यतीवर बंदी आली होती, मग मुंबईत महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यती कशा चालतात? हे नैतिक आहे का?

मी खेड तालुक्यातला. बंदीच्या काळात पारावर हाच प्रश्न असायचा, फक्त जरा तिखट: श्रीमंताचा घोडा पळालेला चालतो, आमचा बैलच का नको?

कायद्याचं उत्तर छोटं आहे. खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड होते; 2011 मध्ये केंद्राने त्यात बैल घातला. घोडा त्यात नाही. बैलाची शरीररचना पळण्यासाठी नाही असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यती बंद केल्या. 2017 ला राज्याने कायदा बदलला, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानेही ती उचलून धरली. त्यामुळे आज कायद्याला दोन्ही शर्यती चालतात.

पण घोडा पळण्यासाठीच जन्मलाय, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. त्याची हाडं पूर्ण पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात आणि शर्यतीत उतरवतात दोन-तीन वर्षांचा असताना. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, ताशी 60 किलोमीटरचा वेग, आणि एका क्षणी सगळा भार एकाच पायावर. तो मोडला की प्लास्टर घालून निजवून ठेवता येत नाही, कारण घोडा फार काळ आडवा राहू शकत नाही. मग उरलेल्या पायांवर ताण येतो आणि खुरांच्या आतला भाग सुजून सुटायला लागतो. बार्बारो नावाच्या घोड्याने 2006 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत जिंकली आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा पाय मोडला. पैशाची ददात नव्हती, निष्णात डॉक्टर होते. तरी आठ महिन्यांनी खुरांच्या याच दुखण्यापायी त्याला दयामरण द्यावं लागलं.

यावरून आम्ही बैलवाले साव ठरत नाही. शेपटी चावणं, पिरगाळणं, टोचणी, बॅटरीचा शॉक, सगळं घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, चालायचं. आता नियमाने बंद आहे, पण नियम पाळायला घाटात डोळे उघडे ठेवणारं कोणी लागतं. आणि हो, आमच्याकडे गाड्यापुढे घोडी पळवतात. तिची चौकशी पारावर कोणी केलेली मी ऐकली नाही.

माझ्या लेखी खरा प्रश्न शर्यतीच्या त्या दोन मिनिटांचा नाहीच. घोडा पंचवीसेक वर्षं जगतो, त्याची शर्यत मात्र बहुधा सहा-सात वर्षांचा होईतो आटोपते. नाव कमावलेला पैदाशीसाठी स्टडफार्मवर जातो. बाकीच्यांना पुढे कोण पोसणार? घोडा शर्यतीसाठी नोंदवतानाच मालकाकडून म्हातारपणीच्या दाणावैरणीचे पैसे भरून घ्यावेत, आणि तो विकला तरी ते खातं त्याच्याबरोबर जावं. महालक्ष्मीला हे जड नाही. बक्षिसाला ट्रॅक्टर आणि बुलेट लावणाऱ्या आमच्या घाटांनाही नाही.