मांजर स्ट्रॉबेरीची पानं कुरतडतं, चालेल का?

साताऱ्यात कुंडीत लावलेल्या स्ट्रॉबेरीचं पान मांजराने चावलं तर घाबरू नका, ते विषारी नाही. जास्त खाल्लं तर फार तर ओकेल, गवत खाल्ल्यावर ओकतं तसंच.

खरा धोका फवारणीचा. महाबळेश्वर-वाईकडून आणलेल्या रोपांवर आधी काय मारलंय ते विचारून घ्या. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मांजराच्या यकृतात ती लवकर मोडत नाहीत. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. अंगावर उडालं असेल तर कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुवा, मग लगेच डॉक्टर. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. तासगावकडच्या द्राक्षवेलीची पानंही याच कारणासाठी लांब ठेवा, त्यांवर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) असू शकतं. द्राक्षं आणि बेदाणे तर मुळीच देऊ नका, मूत्रपिंडाला धोका असतो.

लिंबू-संत्र्याच्या पानांतल्या तेलाने उलट्या-जुलाब होतात, अंजिराच्या चिकाने तोंड चुरचुरतं. पीचची कोमेजलेली पानं जास्त वाईट, त्यांतून सायनाइड सुटतं. शेजारी लिलीची कुंडी असेल तर ती आजच हलवा. तिचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

चघळायची सवय सुटत नाही, म्हणून पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा. बियाण्याच्या दुकानातला नको, त्याला औषध चोळलेलं असतं; घरातला खायचाच घ्या. आठ-दहा दिवसांत पुढ्यात ठेवण्याजोगा होतो.