सोलापुरात कुत्र्याला हार्टवर्मची (डासांमार्फत पसरणाऱ्या, हृदयात राहणाऱ्या जंतांची) गोळी दर महिन्याला द्यावी का? जंत औषधाला दाद देत नाहीत, असे ऐकले आहे.

गोळी चालू ठेवावी. आयव्हरमेक्टिनच्या गटातील औषधांना (या मासिक गोळ्या त्याच गटातल्या) न जुमानणारे हार्टवर्म अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात, आढळले आहेत हे खरे. परंतु तिथेही बहुतेक कुत्र्यांना लागण होते ती डोस चुकल्यामुळे.

ही गोळी पुढच्या महिन्यासाठी कवच देते असा समज असतो. प्रत्यक्षात ती डास चावल्यामुळे मागील सुमारे ३० दिवसांत शरीरात शिरलेल्या अळ्या मारते, आणि तारीख लांबली की वाढलेल्या अळ्यांवर तिची मात्रा नीट चालत नाही. डासाच्या शरीरात या अळीची वाढ होण्यासाठी साधारण १४ अंशांपेक्षा अधिक तापमान लागते. सोलापूरचे सरासरी तापमान हिवाळ्यातही त्याहून बरेच वर असते, शिवाय पाणी रोज येत नसल्याने भरून ठेवलेली पिंपे आणि कूलरच्या टाक्या डासांची सोय करतातच. त्यामुळे केवळ पावसाळ्यापुरते औषध देणे मला पटत नाही. पिंपे झाकावीत, हे ओघाने आलेच.

गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी रक्ताची अँटिजेन चाचणी (जंतांची प्रथिने शोधणारी) करून घ्यावी; लागण झाल्यापासून सुमारे सहा महिने ती नकारात्मक येऊ शकते. लागण आढळल्यास निव्वळ मासिक गोळीवर वर्षानुवर्षे वेळ काढू नये, कारण औषधाला दाद न देणारे जंत त्यातूनच निवडले जाण्याची भीती असते. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन मात्र अंदाजाने कधीही देऊ नये. कॉलीसारख्या जातींत ते जिवावर बेतू शकते.